मनगट जुळले, आता कण्याचे आणि खुब्याचे काय?

प्रश्न थोडक्यात असा: आईचे वय ६७. जुलैत बाथरूममध्ये पाय घसरून त्या हातावर पडल्या आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. नंतरच्या डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.९ आणि खुब्याचा उणे २.२ आला. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेट ही हाडाची झीज रोखणारी गोळी लिहून दिली, पण ‘त्याने जबड्याचे हाड कुजते’ असे वाचल्यापासून पाकीट न फोडता तसेच पडून आहे. आई रोज दूध पितात, कॅल्शियमची गोळी घेतात, तेवढे पुरणार नाही का? आणि ४४ वर्षांच्या लेकीने स्वतःसाठी काय करावे?

पहिले उत्तर स्पष्ट देतो: नाही, पुरणार नाही. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडलेले हाड हा नुसता अपघात नसतो. निरोगी हाड तेवढ्या धक्क्याने मोडत नाही. अशा पहिल्या फ्रॅक्चरनंतरची दोन वर्षे सर्वांत धोक्याची असतात, आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे बहुतेक रुग्णांना हाडाचे औषध मिळत नाही. प्लास्टर निघाले, हात वळायला लागला, की प्रकरण मिटले असे घरच्यांनाही वाटते आणि कधी कधी हाड जोडणाऱ्यालाही. तुमच्या आईंची डेक्सा झाली आणि औषध लिहून मिळाले, म्हणजे अर्धे काम योग्य हातांनी झालेले आहे. ते पाकिटात अडकू देऊ नका.

कॅल्शियम का पुरत नाही ते समजून घ्या. हाड आयुष्यभर एका बाजूने झिजवले जाते आणि दुसऱ्या बाजूने भरले जाते. जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे रचणाऱ्या वेगळ्या. साधारण तिशीपर्यंत साठा वाढतो, मग काही वर्षे टिकतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते आणि खरवडणाऱ्या पेशींना आवर घालणारे कोणी उरत नाही. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. टाकीचा कॉक उघडा असताना वरून बादलीने पाणी ओतत राहावे, तसे नुसत्या कॅल्शियमचे होते. ॲलेंड्रोनेट तो कॉक आवळते. पाणीही लागतेच, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व औषधाच्या जोडीला हवे. औषधाच्या जागी नव्हे.

आता रिपोर्ट. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीपासून आपली घनता किती खाली आहे, ते. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे हाड विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. कमरेचे मणके, खुबा आणि खुब्याची मान यांतला सर्वांत खालचा आकडा धरायचा, सरासरी काढायची नाही. म्हणून आईंचे निदान उणे २.९ वरून झाले. खुब्याचा आकडा बरा आहे म्हणून ते सौम्य होत नाही. उलटी फसगतही होते. साठीनंतर मणक्यांना कडेने हाडाचे काटे फुटतात, एखादा मणका दबलेला असतो, किंवा समोरच्या महाधमनीत चुना साचलेला असतो. मशीन हे सगळे हाड म्हणूनच मोजते आणि मणक्याचा आकडा आहे त्याहून चांगला दिसतो. शिबिरात किंवा औषधाच्या दुकानात टाचेला यंत्र लावून मिळणारी चिठ्ठी ही डेक्सा नव्हे. तिच्यावरून निदान करू नये आणि औषध सुरू झाल्यावर फरक मोजायला तर ती अजिबात वापरू नये.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. गुडघे दुखतात, बोटांचे सांधे आखडतात, म्हणून ‘हाडे ठिसूळ झाली’ असे म्हणतात. तो सांध्यांचा आजार. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. मणके तर मोडतानाही अनेकदा कळत नाहीत. मणक्यांच्या सुमारे दोन-तृतीयांश फ्रॅक्चरचे त्या वेळी निदानच होत नाही. पाठीत उसण भरली, गॅस धरला, असे समजून लोक पुढे जातात. म्हणून आईंची उंची आज भिंतीला टाच लावून मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटरहून जास्त घट असेल, पाठीला बाक येऊ लागला असेल, ब्लाउज पुढून लांब आणि मागून आखूड होऊ लागला असेल, तर पाठ व कंबर या दोन्ही भागांचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. दबलेला मणका सापडला तर उपचाराचा क्रमच बदलू शकतो. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

गोळी सुरू करण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारा. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, टीएसएच, हिमोग्लोबिन आणि ईएसआर. आपल्याकडे यातली सर्वांत मोठी चूक ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत होते. त्याची तीव्र, जुनी कमतरता असेल तर हाड विरळ नसते, मऊ असते. त्यावर चुनाच नीट बसलेला नसतो. हा ऑस्टिओमलेशिया. डेक्सात तोही कमी घनता म्हणूनच दिसतो. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले, मांड्या-बरगड्या दाबल्यावर दुखणाऱ्या, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणारा, चाल बदकासारखी डोलणारी, असे चित्र असेल तर आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचे. तसे न करता हाडाचे औषध, विशेषतः शिरेतून, दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला उतरते: तोंडाभोवती मुंग्या, हातापायांत पेटके, कधी झटके. कॅल्शियम उलट जास्त आले तर पॅराथायरॉइडची (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या मानेतल्या ग्रंथींची) तपासणी लागते. रक्त कमी, ईएसआर खूप वाढलेला आणि पाठदुखी असे एकत्र असेल तर मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. वयामुळेच झाले असेल असे गृहीत धरू नका.

औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त चालू असेल तर कमी मात्रेतही हाड झिजते, आणि पहिल्या तीन-सहा महिन्यांतच वेगाने. थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या गोळीची) मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली, स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल चालू आहे, फिटसाठी फेनिटॉइन वर्षानुवर्षे आहे, तरी हाड झिजते. संधिवातावरच्या ‘जडीबुटीच्या’ बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, तेव्हा अशा पुड्या घेतल्या असतील तर न लाजता सांगा. आणि गर्भाशयाची पिशवी काढली असेल तर ऑपरेशनचा कागद शोधा: सोबत बीजकोशही काढले होते का? ते काढले असतील तर हाडाच्या दृष्टीने पाळी त्याच दिवशी गेली; ठेवले असले तरी ती लवकर जाऊ शकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या तरुण वयात काढल्या गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. त्या बायकांच्या हाडांचा प्रश्न पन्नाशीच्या आतच उभा राहतो, आणि त्यांना डेक्साचे नावही कोणी सांगितलेले नसते.

आता गोळी कशी घ्यायची ते बारकाईने, कारण ती चुकीची घेतली तर पोटात तिचा जवळजवळ काहीच अंश शोषला जात नाही, आणि अन्ननलिकेला इजा होते ती वेगळी. आठवड्याचा एक वार ठरवा, समजा रविवार. सकाळी उठल्यावर चहा, काढा, लिंबूपाणी, दुसरी कुठलीही गोळी, काहीही घेण्याआधी ही गोळी पेलाभर (२०० मिली) साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. चघळायची नाही, तोंडात विरघळू द्यायची नाही. दुधाबरोबर तर कधीच नाही, कारण दुधातले कॅल्शियम तिला तिथेच बांधून टाकते. मग किमान अर्धा तास उभे राहायचे, चालायचे किंवा ताठ बसायचे. परत अंथरुणावर पडायचे नाही, आणि खाली वाकून फरशी पुसणे, देवापुढे डोके टेकणेही तेवढा वेळ नको, कारण वाकल्याने गोळी वर अन्ननलिकेत येऊ शकते. अर्ध्या तासाने चहा-नाश्ता. त्या दिवसाची कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते. तिची गल्लत नको म्हणून रविवारचा क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या. रविवारी विसरलात तर सोमवारी सकाळी घ्या आणि पुढच्या रविवारपासून पुन्हा नेहमीसारखे. एका दिवशी दोन कधीच नाहीत. गिळताना छातीत दुखले किंवा नव्याने जळजळ सुरू झाली तर थांबवून कळवा.

ज्यांना अर्धा तास ताठ बसणे जमत नाही किंवा अन्ननलिकेचा त्रास आहे, त्यांच्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन वर्षातून एकदा शिरेतून देतात, किमान १५ मिनिटे लावून. त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचे. पहिल्या वेळी जवळपास तिघांतल्या एकाला दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉलने आवरते आणि पुढच्या वर्षी सहसा कमी होते. तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत त्याने मणक्याची फ्रॅक्चर सुमारे ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी घटवली. मूत्रपिंडाचे काम कमी असेल, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल, तर ही गोळी आणि हे इंजेक्शन, दोन्ही पर्याय बाद.

जबड्याची भीती. हा दुष्परिणाम खरा आहे, पण बहुतेक वाईट बातम्या कर्करोगाच्या रुग्णांमधल्या आहेत, ज्यांना हीच औषधे कित्येक पट जास्त मात्रेत, महिन्या-महिन्याला दिली जातात. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत त्याचे प्रमाण वर्षाला १०,००० ते १,००,००० रुग्णांमागे एक, इतके विरळ आहे. तोही बहुधा दात काढल्यानंतर किंवा हिरड्यांच्या जुन्या संसर्गात होतो. तेव्हा हलणारी दाढ काढायची राहिली असेल तर ती काढून, जखम भरू द्या आणि मग सुरू करा. दात साफ करणे, चांदी भरणे, रूट कॅनॉल यांना अडचण नाही. फक्त दंतवैद्याला औषधाचे नाव सांगा.

मांडीच्या हाडाचे आडवे, विचित्र फ्रॅक्चर हा दुसरा दुष्परिणाम आणि तो मला जबड्यापेक्षा अधिक सांगण्यासारखा वाटतो, कारण आशियाई वंशाच्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. अमेरिकेतल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातला हिशेब असा: १०,००० आशियाई वंशाच्या स्त्रियांना तीन वर्षे औषध दिले तर खुब्याची ९१ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची अशी ८ होतात. पारडे उघडच औषधाच्या बाजूने आहे, पण आठ म्हणजे शून्य नव्हे. धोका वर्षांबरोबर वाढतो आणि बऱ्याचदा आधी इशारा मिळतो: मांडीत किंवा जांघेत आठवडे-महिने मुरलेले दुखणे, पाऊल टेकवताना जास्त. असे झाले तर दोन्ही मांड्यांचा, पूर्ण लांबीचा एक्स-रे. म्हणूनच गोळी साधारण पाच वर्षांनी (इंजेक्शन असेल तर तीन) थांबवण्याचा विचार करतात. खुब्याचा आकडा सावरला असेल आणि मधे काही मोडले नसेल तर. औषध हाडात साठलेले असते, त्यामुळे सुट्टीतही काही काळ काम करत राहते.

ही सुट्टी सर्व औषधांना लागू नाही, आणि इथे होणारी चूक महागात पडते. डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन हाडात साठत नाही. ‘आकडा सुधारला, आता पुरे’ म्हणून ते सोडले किंवा सातव्या महिन्याच्या पुढे लांबवले, की दबून ठेवलेली झीज उसळून वर येते आणि एकामागून एक मणके दबतात. ज्या घरात तारीख पाळली जाईल याची खात्री नाही, मुले परदेशात आणि आई-वडील एकटे आहेत, तिथे हे इंजेक्शन सुरू करताना मी दोनदा विचार करेन. थांबवायचेच तर त्यामागे झोलेड्रॉनिकसारखे औषध ठरवूनच थांबवायचे.

आईंच्या एक्स-रेत दबलेले मणके निघाले, किंवा टी-स्कोअर उणे ३.५ च्या आसपास असता, तर आधी हाड बांधणारे औषध द्यायचा विचार झाला असता: टेरिपॅराटाइड, रोज २० मायक्रोग्रॅम, इन्सुलिनसारख्या पेनने, जास्तीत जास्त दोन वर्षे. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे, फ्रीझरमध्ये नाही, आणि उघडल्यापासून २८ दिवसांनी उरले तरी टाकायचे. हाडांना पूर्वी रेडिएशन दिलेल्यांना ते देत नाहीत. त्याचा कोर्स संपला की लगेच ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक सुरू व्हायला हवे, नाहीतर मोठ्या खर्चाने मिळवलेले हाड वर्षभरात निघून जाऊ लागते.

कॅल्शियमचा हिशेब ताटावरून करा. पाळी गेलेल्या स्त्रीला भारतीय शिफारशींप्रमाणे दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागते. चहासकट ३०० मिली दुधातून सुमारे ३६० मिळते, आणि पोळी-भाजी-वरणातून २०० च्या आसपास. त्यात वाटीभर दही (१५० ग्रॅम) घातले तर १८० ची भर, ५० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी आणखी सुमारे १८०, चमचाभर (१० ग्रॅम) तीळ १००. पण तीळ सालासकट हवेत. कॅल्शियम सालीतच असते आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळांतून ते निघून गेलेले असते. पालक आणि अळू यांत कॅल्शियम असले तरी ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवते, त्यावर विसंबू नका. उरलेली तूट गोळीने भरायची, साधारणपणे ५०० मिलिग्रॅमची एक. पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५०’ लिहिलेले असते त्यातले खरे कॅल्शियम ५०० असते. एका वेळी ५०० च्या वर घेण्यात अर्थ नाही, आतडे तेवढेच नीट घेते. कार्बोनेट जेवणाबरोबर, ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरे. थायरॉक्सिनपासून चार तास लांब. प्रथिनेही मोजा: ५५ किलोच्या बाईला रोज ५५ ग्रॅम तरी, आणि वरण-भात-भाजीच्या जेवणात ती सहसा भरत नाहीत.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक, हा नेहमीचा क्रम. आठवड्याची पुडी वर्षभर चालू ठेवणारे रुग्ण उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान आणि बिघडलेली किडनी घेऊन येतात. लाखांच्या मात्रेतला एकच मोठा डोसही नको, इंजेक्शन असो वा तोंडावाटे. ऑस्ट्रेलियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिलेल्या सत्तरीपुढच्या स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडे जास्त मोडली. सकाळचे कोवळे ऊन मन प्रसन्न करते, पण ड जीवनसत्त्व त्यातून फारसे बनत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचे ऊन लागते, हात आणि दंड उघडे ठेवून २०-३० मिनिटे. खिडकीच्या काचेतून नाही.

हाड कितीही सुधारले तरी पडणे थांबले नाही तर मोडणारच. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ भिंतीत स्क्रूने बसवलेला स्टीलचा दांडा लावा. टॉवेलचा दांडा आणि रबरी चकतीने चिकटणारे हँडल वजन पेलत नाहीत. नेमक्या घसरण्याच्या क्षणी हातात येतात. सैल पायपुसणे काढा, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री दिवा राहू द्या, मोतीबिंदू तपासा, झोपेची गोळी चालू असेल तर ती कमी करता येते का ते विचारा. उठल्या उठल्या चक्कर येत असेल तर बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजायला सांगा.

व्यायामात नुसते चालणे कमी पडते. हात छातीवर घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगा. १५ सेकंदांच्या वर लागले तर मांड्या कमजोर आहेत. हाच त्यांचा व्यायामही करा: रोज १० वेळा, दोन फेऱ्या. ओट्याला धरून टाचा उचलणे, ओट्याजवळच एका पायावर १० सेकंद. आठवड्यातून दोन-तीनदा पाण्याच्या बाटल्या किंवा डंबेलने हातांचे, पाठीच्या स्नायूंचे. पाठ गोल करून पुढे वाकणे मात्र बंद: पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातले पादहस्तासन, पोटाचे उठाबशीसारखे प्रकार. बादली उचलताना कमरेतून नव्हे, गुडघ्यांत वाकायचे. एसटीत मागच्या सीटवर बसू देऊ नका. खड्ड्यातल्या एका दणक्याने मणका दबू शकतो.

पुढची डेक्सा एक-दोन वर्षांनी, त्याच मशीनवर. आकडा तेवढाच राहिला तरी औषध काम करते आहे. उपचाराशिवाय तो खाली गेला असता. मधेच पाठीत एकाएकी तीव्र कळ आली तर मालीश नाही, एक्स-रे.

आणि लेकीने? पाळी नियमित असेल आणि वर सांगितलेले कारण काही नसेल तर ४४ व्या वर्षी डेक्सा लागत नाही. नाचणी, दही, डाळी, वजन उचलण्याचा व्यायाम, दुपारचे ऊन हे आताच सुरू करा. पाळी ४५ च्या आधी थांबली तर थांबून पाहू नका, त्याच महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हार्मोनच्या उपचाराबद्दल बोला, कारण हाडाचा सर्वांत वेगाने जाणारा साठा त्या पहिल्या वर्षांतलाच असतो.